व्हर्टिकल म्हणजे नक्की कशाच्या हिशोबाने उभं?

रेघोट्या
परवा दुसऱ्या एका धाग्यावर ‘लंब’ आणि ‘उभं’ एकच की वेगवेगळं यावरून जी जुंपली ती बघून हा वेगळा धागा काढतोय, तिथलं अवांतर तिथेच थांबूदे. तर व्हर्टिकल हा शब्द आपण सगळेच वापरतो आणि प्रत्येकाला वाटतं ह्यात काय विचारायचंय. ड्रॉइंगवाल्याला विचारा, तो कागदावर खालून वर जाणारी रेघ दाखवेल. बांधकामवाला म्हणेल ओळंब्यात आहे ते, म्हणजे दोरीला टांगलेल्या वजनाच्या रेषेत. आमच्या ऑफिसात बँकिंग हे एक व्हर्टिकल आणि हेल्थकेअर हे दुसरं, त्यात उभं काय आहे ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही. शब्दकोड्याचा कागद टेबलावर सपाट पडलेला असतो तरी त्यातले ‘उभे शब्द’ उभेच.

माझा अंदाज असा की मुळात प्रकार दोनच. एक, काहीतरी खाली ओढतंय म्हणून ठरलेलं उभं. दोन, आपणच कागदाची एक बाजू वरची म्हणून ठरवली म्हणून झालेलं उभं. बाकी सगळं ह्या दोनातून निघालंय. पटत नसेल तर हाणा, पण आपापल्या क्षेत्रातलं उदाहरण घेऊन हाणा.

शून्यप्रहर
रुमाल टाकून ठेवतो. संध्याकाळपर्यंत शंभरी होणार ह्याची.

गवंडीकाका
लंब आणि उभं एकच म्हणणाऱ्याला आधी साईटवर आणा. आमच्याकडे दोन्हीची हत्यारंच वेगळी आहेत. गुण्या काटकोन बघतो, ओळंबा उभं बघतो. बाथरूमच्या फरशीला पाणी जायला उतार दिलेला असतो, त्या उतारावर गुण्या टेकवून भिंत उचललीत तर काटकोन पक्का येईल आणि भिंत कललेली येईल. लंब आहे, उभी नाही. झालं की नाही?

ज्यांनी ओळंबा नुसता लटकताना बघितलाय त्यांच्यासाठी सांगतो. दोरीत एक गुटका ओवलेला असतो आणि त्याची रुंदी खालच्या लंबकाच्या जाडीइतकीच असते, खरी खुबी तीच आहे. गुटका वर भिंतीला टेकवायचा, दोरी सोडायची, लंबक झुलायचा थांबला की खाली बघायचं. भिंतीला नुसता चाटतोय म्हणजे भिंत ओळंब्यात. मध्ये फट दिसली तर भिंत वरून आपल्या अंगावर येतेय. लंबक भिंतीवर रेलला आणि दोरी तिरकी झाली तर खालून पुढे आलीय. वारा असेल तर लंबक पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवायचा, झुलायचा लवकर थांबतो. आता लेसर आलेत, चांगलेच आहेत, पण बऱ्याच सेल्फ लेव्हलिंग लेसरच्या पोटातसुद्धा एक छोटा लंबकच टांगलेला असतो हे लक्षात ठेवा.

फळा-खडू
काका, दंडवत. आता गणिताची बाजू. आमच्याकडे गुरुत्वाकर्षण नसतंच त्यामुळे उभं हे पूर्णपणे रेघोट्यांच्या दुसऱ्या प्रकारातलं. क्ष = ३ ही रेषा उभी, का तर ती य-अक्षाला समांतर आणि य-अक्ष आम्ही उभा काढतो म्हणून, बास. लंब हे दोन रेषांमधलं नातं आहे, कागद कसाही फिरवा ते तुटत नाही. उभेपणा मात्र कागद फिरवला की गेला.

तरी आमच्या उभ्या रेषेची एक वेगळी खोड आहेच. चढ काढायचा म्हणजे य मधला फरक भागिले क्ष मधला फरक, आणि इथे खाली शून्य येतो. बरीच मुलं चढ ‘अनंत’ लिहून मोकळी होतात. उजवीकडे कललेली रेषा हळूहळू उभी करत नेलीत तर चढ धन बाजूने वाढत जातो, डावीकडे कललेली नेलीत तर ऋण बाजूने, मग नक्की कुठला अनंत घ्यायचा? म्हणून चढ अस्तित्वातच नाही असं म्हणायचं. तसंच एखाद्या वक्राला उभी रेषा कुठेही दोनदा छेदत असेल तर तो फलनाचा (फंक्शनचा) आलेख नाही. म्हणजे आमच्यात उभ्या रेषेला एक कामही दिलेलं आहे.

अवांतर: इंग्रजी भूमितीतले व्हर्टिकल अँगल्स म्हणजे आपले विरुद्ध कोन, ते शिरोबिंदूवरून आलेत, त्यांचा उभ्याशी काही संबंध नाही. नेटवर वाचून मुलं गोंधळतात म्हणून लिहिलं.

त्रिकोणमापक
जमिनीच्या सर्व्हेत आयुष्य गेलंय त्यामुळे जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

गवंडीकाकांचा ओळंबा मी मान्य करतो, पण दोन ओळंबे एकमेकांना समांतर नसतात. पृथ्वी गोल, त्यामुळे प्रत्येक जागेची खालची दिशा थोडी वेगळी. भिंतीच्या दोन टोकांत हा फरक शून्यच समजा. मोठ्या पुलाला तो चक्क मोजता येतो. इंग्लंडमधला हंबर पूल १९८१ मध्ये उघडला, मधला गाळा १४१० मीटर, मनोरे दीडशे मीटरच्या वर, आणि दोन्ही मनोरे अगदी ओळंब्यात असूनही त्यांच्या माथ्यांमधलं अंतर पायथ्यांमधल्या अंतरापेक्षा ३६ मिलिमीटर जास्त आहे. न्यूयॉर्कच्या व्हेराझानो नॅरोज पुलात हाच फरक ४१ मिलिमीटर. एकही मनोरा वाकडा नाही बरं का.

आता पुढचं. ओळंबा पृथ्वीच्या केंद्राकडे बघतो असं शाळेत सांगतात, तेही तसं बरोबर नाही. पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून विषुववृत्तावर फुगलेली आहे, त्यामुळे ४५ अंश अक्षांशाच्या आसपास ओळंब्याची रेषा खाली वाढवत नेली तर ती केंद्रापासून साधारण २१ किलोमीटर बाजूने जाते. विषुववृत्तावर आणि ध्रुवांवर हा फरक जवळजवळ नाहीसा होतो.

आणि शेजारी डोंगर असेल तर तोही ओळंब्याला आपल्याकडे ओढतो. १७७४ मध्ये खगोलज्ञ नेव्हिल मॅस्केलाइन यांनी स्कॉटलंडमधल्या शिहॅलियन डोंगराच्या उत्तरेला आणि दक्षिणेला मुक्काम ठोकून ओळंब्याच्या हिशोबाने ताऱ्यांच्या जागा मोजल्या, दोन्हीकडची ओढ मिळून ११.६ विकला भरली. एक अंश म्हणजे ३६०० विकला, त्यावरून अंदाज करा किती बारीक काम होतं ते. त्या आकड्यावरून पृथ्वीची घनता काढली.

भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात हाच प्रकार उलटा अंगावर आला. कलियाना आणि कल्याणपूर ह्या मोजणीच्या दोन ठाण्यांच्या अक्षांशातला फरक जमिनीवरून त्रिकोणांच्या साखळीने मोजला तर एक येई आणि ताऱ्यांवरून काढला तर दुसरा, दोन्हीत ५.२३६ विकलांची तफावत. जमिनीवर ते दीडशे मीटरच्या वर जातं. सगळ्यांचा संशय हिमालयावर. कलकत्त्याचे पाद्री आणि गणिती प्रॅट यांनी हिशोब मांडला तर हिमालयाने ओळंबा खरं म्हणजे जवळजवळ १६ विकला ओढायला हवा होता! म्हणजे ओढ कमीच पडत होती. तेव्हा १८५५ मध्ये ब्रिटिश खगोलज्ञ एअरी यांनी सुचवलं की डोंगराखाली हलक्या खडकाचं मूळ खोल गेलेलं असणार. पर्वतांना मुळं असतात ही कल्पना एका वाकड्या ओळंब्यातून निघाली, मला तर हे अजूनही भारी वाटतं.

शून्यप्रहर
थांबा थांबा. ओळंबाच वाकडा असेल तर सरळ कशाला म्हणायचं? वाकडा कशाच्या तुलनेत?

त्रिकोणमापक
प्रश्न बरोबर जागी लागलाय. त्यासाठी आम्ही पृथ्वीची एक गुळगुळीत गणिती प्रतिकृती धरतो, दोन्ही टोकांना किंचित चपटी केलेली. तिच्या पृष्ठभागाला जो लंब येतो तो एक व्हर्टिकल, आणि ओळंबा दाखवतो तो दुसरा. दोन्हींमध्ये जो बारीक कोन राहतो त्याला ओळंब्याचं विचलन म्हणतात. सपाट प्रदेशात थोड्या विकला, मोठ्या डोंगराजवळ बऱ्याच जास्त.

हे पुस्तकी वाटत असेल तर ग्रिनिचचं उदाहरण बघा. तिथे वेधशाळेत शून्य रेखांशाची रेघ काढलेली आहे, लोक दोन बाजूंना पाय ठेवून फोटो काढतात. त्या रेघेवर जीपीएस धरलं तर रेखांश शून्य दाखवत नाही, शून्य येतो साधारण १०२ मीटर पूर्वेला. सगळ्यांना वाटतं की खंड सरकले. खरं कारण व्हर्टिकल. एअरी यांची दुर्बीण तिथल्या ओळंब्याच्या दिशेवर लावलेली होती, त्यासाठी पाऱ्याचं पसरट भांडं ठेवत कारण स्थिर पाऱ्याचा पृष्ठभाग अगदी आडवा राहतो. जीपीएस तिथल्या ओळंब्याला विचारत नाही, ते अख्ख्या पृथ्वीच्या केंद्रावरून मोजतं. तिथला ओळंबा काही विकला कललेला, त्याचे झाले १०२ मीटर.

गवंडीकाका
म्हणजे माझा ओळंबा खोटा?

त्रिकोणमापक
काका, तुमच्या भिंतीसाठी तुमचाच ओळंबा खरा. भिंत पडायची असेल तर ती जिकडे ओळंबा दाखवतो तिकडेच पडणार, गणिती प्रतिकृतीकडे बघून नाही.

पानगळ
झाडांचं पण घ्या ना. उतारावरचं झाड बघितलंय का, ते उताराला काटकोनात वाढत नाही, सरळ वर जातं. म्हणजे झाडालाही लंब आणि उभं यातला फरक कळतो, इथल्या काही मंडळींना नसला तरी. (हलके घ्या.)

कसं कळतं तर मुळाच्या टोकाच्या पेशींत स्टार्चचे जड कण असतात, ते पेशीत ज्या बाजूला जाऊन बसतात ती खालची बाजू. ओढीमुळेच हे होतं हे १८०६ मध्ये वनस्पतींचे अभ्यासक थॉमस नाइट यांनी दाखवलं. पाण्याच्या प्रवाहाने फिरणाऱ्या उभ्या चाकाच्या कडेला बिया बांधल्या आणि चाक जोरात फिरत ठेवलं. मुळं गेली बाहेरच्या बाजूला आणि कोंब वळले आत, चाकाच्या मध्याकडे. बीच चाकाबरोबर सतत उलटंपालटं होत असल्यामुळे पृथ्वीची ओढ सगळ्या बाजूंनी सारखी, टिकून राहिली ती फक्त फिरण्यामुळे बाहेर फेकणारी. मग त्यांनी चाक आडवं करून पुन्हा केलं तर मुळं बाहेर आणि थोडी खाली अशी तिरकी वाढली, दोन्ही ओढींची बेरीज जिकडे तिकडे. म्हणजे झाडाच्या लेखी उभं म्हणजे एकूण ओढीची दिशा, ती पृथ्वीनेच दिली पाहिजे असं काही नाही.

कानसेन
पानगळ, तुम्ही लिहिलंत ते जसंच्या तसं माणसालाही लागू आहे. ईएनटीत काम करते म्हणून लिहितेय.

आतल्या कानात यूट्रिकल आणि सॅक्युल अशा दोन पिशव्या असतात, त्यात जेलीसारख्या थरावर कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक स्फटिक बसलेले. डोकं कललं की ते स्फटिक ओघळायला बघतात, खालचे केस वाकतात आणि मेंदूला दिशा कळते. पण ह्या स्फटिकांना गुरुत्वाकर्षण आणि वेग वाढल्याने बसणारा रेटा यातला फरक कळत नाही! त्यामुळे विमान टेकऑफला जोरात वेग घेतं तेव्हा, विशेषतः रात्री, बाहेर काही दिसत नसताना, पायलटला नाक वर चाललंय असं वाटू शकतं. त्या भासापायी नाक खाली दाबलं जाऊन अपघात झालेले आहेत. म्हणून कानावर भरवसा ठेवायचा नाही, समोरच्या उपकरणावर ठेवायचा हे त्यांना घोटवून शिकवतात.

दवाखान्यात उभेपणा मोजायची एक साधी टेस्ट आहे, बादलीची. रुग्णाने बादलीत तोंड घालून बघायचं, कडेचं बाहेरचं काही दिसता कामा नये. आत तळाला एक सरळ रेघ. मी बादली तिरकी धरून हळूहळू फिरवते आणि रुग्णाने रेघ उभी झाली वाटलं की थांबा म्हणायचं. बादलीच्या बाहेरून तळाला कोनमापक आणि एक छोटा ओळंबा लावलेला असतो, त्यावर मी वाचते. निरोगी माणूस साधारण दोन-अडीच अंशांच्या आत थांबवतो. एका बाजूच्या कानाची नस अचानक बिघडली असेल तर रुग्ण सात-आठ अंश किंवा त्याहून जास्त कललेल्या रेघेला उभी म्हणतो, आणि अगदी छातीठोकपणे म्हणतो. त्याला वाकडं दिसतंय असं वाटतच नाही.

पण रेघोट्या, शरीररचनेत मात्र आम्ही तुमच्या दुसऱ्या प्रकारात आहोत. डोक्याकडची बाजू ती वरची, मग रुग्ण खाटेवर आडवा असो नाहीतर उलटा टांगलेला असो. आणि मूल जन्मण्याआधी किंवा जन्मताना आईकडून त्याला संसर्ग झाला तर त्याला व्हर्टिकल ट्रान्समिशन म्हणतो, वंशावळीत आई वर आणि मूल खाली काढतात त्यावरून.

रेघोट्या
कानसेन ताई, काय सुंदर लिहिलंय, बादलीवरच ओळंबा हे तर कमालच. म्हणजे माझे दोन प्रकार अजून तरी तग धरून आहेत. ऑफिसवाले कुठे गेले?

सर्व्हरवाला
आलो आलो. आमची सगळी व्हर्टिकलं कागदावरचीच आहेत, तिथे ओळंबा लावून उपयोग नाही. एक म्हणजे व्हर्टिकल स्केलिंग, आहे त्याच मशीनला जास्त रॅम आणि जास्त कोअर द्यायचे. हॉरिझॉन्टल म्हणजे तसल्याच अजून चार मशीन शेजारी मांडायच्या. प्रत्यक्षात रॅकमध्ये बघाल तर त्या चार मशीन एकावर एकच रचलेल्या असतात, म्हणजे हॉरिझॉन्टल स्केलिंग दिसायला उभं.

दुसरं इंडस्ट्री व्हर्टिकल, जे तुम्हाला छळतंय. तक्ता डोळ्यासमोर आणा. आडव्या ओळीत सगळ्यांना लागणाऱ्या गोष्टी, पगार, हिशोब, सिक्युरिटी. उभ्या रकान्यात एकेक धंदा. हॉस्पिटलचं सॉफ्टवेअर एकाच रकान्यात वरपासून खालपर्यंत जातं म्हणून ते व्हर्टिकल.

तिसरं व्हर्टिकल इंटिग्रेशन, कच्च्या मालापासून गिऱ्हाइकापर्यंतचे टप्पे एकाच मालकाकडे. फोर्डच्या रिव्हर रूज कारखान्यात एका टोकाला लोहखनिज आत जाई आणि दुसऱ्या टोकाने मोटार बाहेर येई. हॉलिवूडमध्ये स्टुडिओ, वितरण आणि थिएटरं एकाच्याच हातात होती, १९४८ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने पॅरामाउंट खटल्यात त्याला चाप लावला. ह्यात उभं काय तर टप्पे एकाखाली एक लिहितात, एवढंच. कागद आडवा धरून लिहिले असते तर नाव उलटं पडलं असतं.

खोलपाणी
तेलविहिरींच्या कामावर होतो. आमच्याकडे ह्या शब्दावर पैसा अडतो. प्रत्येक विहिरीच्या खोलीचे दोन आकडे लिहितात, एक नळीच्या वाटेने मोजलेली लांबी आणि एक सरळ खाली मोजलेली खरी उभी खोली. विहीर सुरुवातीला उभी जाते मग वळवून आडवी नेतात, त्यामुळे दोन्ही आकडे जमीन-अस्मान. रशियात साखालिनजवळ ओडोप्टू क्षेत्रात २०११ मध्ये १२३४५ मीटर लांबीची विहीर पाडली, कोला द्वीपकल्पातल्या १२२६२ मीटरच्या प्रसिद्ध बोअरपेक्षा लांब. पण त्यातले ११४७५ मीटर ती बाजूला सरकलेली आहे! त्यामुळे तेव्हा लांबीचा विक्रम साखालिनकडे गेला तरी खोलीत कोलाच्या आसपासही नाही. विहिरीत भरलेल्या चिखलाचा (ड्रिलिंग मडचा) दाब काढताना उभी खोलीच धरावी लागते, तिथे नळीची लांबी घातली तर हिशोब बोंबलला.

अवकाशवेडी
रेघोट्यांच्या थिअरीला माझ्याकडून सुरुंग. स्पेस स्टेशनवर ओढ जाणवत नाही आणि कागदही नाही. तरी तिथे वर-खाली आहे. पृथ्वीकडची बाजू नादिर, उलटी बाजू झेनिथ, मॉड्यूलच्या (स्टेशनच्या एका कप्प्याच्या) आत एका बाजूला डेक म्हणतात आणि समोरच्या बाजूला ओव्हरहेड, दिवेही शक्यतो ओव्हरहेडला. आता हा कुठला प्रकार?

रेघोट्या
ठरवून घेतलेला, म्हणजे दुसराच. कागदाच्या जागी मॉड्यूल. सुरुंग फुसका निघाला ताई.

अवकाशवेडी
तेवढं सोपं नाही हो. नादिर पृथ्वीवरून ठरतो आणि डेक दिव्यांवरून, म्हणजे एकाच यानात दोन्ही प्रकार शेजारी शेजारी. आणि पृथ्वीची ओढ तिथे नाही असंही नाही, ४०० किलोमीटरवर ती जमिनीवरच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास असतेच, फक्त यान आणि माणूस दोघं बरोबरच पडत असल्यामुळे लंबकाला टांगायला काही उरत नाही. तुमच्या पहिल्या प्रकारात ‘ओढ’ काढून ‘ओढ जाणवणं’ लिहा, मग मी सही करते.

रेघोट्या
मान्य. नाइटच्या चाकालाही तेच लागू पडतं म्हणा.

शून्यप्रहर
माझा एक खराखुरा प्रश्न राहिला. उंच टॉवर वाऱ्याने हलतो म्हणतात. मग तो बांधताना ओळंबा धरायचा तरी कुठे? वरचा मजला हलतोय, त्यावरचं मोजणीचं मशीन हलतंय, आणि तुम्ही म्हणता भिंत मिलिमीटरमध्ये उभी हवी.

त्रिकोणमापक
हलणं नुसतं वाऱ्याचं नसतं. सकाळी ऊन एका बाजूला लागलं की ती बाजू तापून लांबते आणि टॉवर सावलीकडे कलतो, दुपारनंतर दुसरीकडे. वर क्रेनने वजन उचललं की अजून थोडा. त्यामुळे अमुक क्षणी वरच्या मजल्यावर ओळंबा बरोबर आला तरी उन्हं उतरल्यावर तोच खांब तिरका निघू शकतो. लहान कामात पहाटे, ऊन-वारा नसताना मापं घेऊन भागतं.

८२८ मीटरच्या बुर्ज खलिफाला तसं भागणार नव्हतं. तिथे सगळ्यात वरच्या शटरिंगवर जीपीएसचे अँटेना बसवले होते आणि खालच्या मजल्यांवर ठिकठिकाणी कल मोजणारी अगदी संवेदनशील यंत्रं. जीपीएस सांगणार की माथा ह्या क्षणी कुठे आहे, कलमापक सांगणार की इमारत ह्या क्षणी किती आणि कुठे वाकलीय. दोन्हींची वजाबाकी केली की इमारत शांत उभी असती तर हा बिंदू कुठे असता ते मिळतं, आणि पुढचा मजला त्या हिशोबावर लावतात. म्हणजे प्रत्यक्षात इमारत ज्या रेषेत कधीच फार वेळ थांबत नाही ती रेषा धरून बांधायचं.

आणि त्यातही मगाचं विचलन आलंच, जीपीएस देतं गणिती प्रतिकृतीची उभी रेषा आणि कलमापक बघतात ओळंब्याची, त्यामुळे दोन्ही एकाच हिशोबात आणल्याशिवाय वजाबाकी करता येत नाही.

गवंडीकाका
म्हणजे शेवटी ओळंबा लागलाच की तिथे पण.